न्हाई आलं ते रानाचं

१

त्या चित्रपटाचं नाव मी इथं लिहिणार नाही. संगीतकाराचं नाही, गीतकाराचं नाही, गाणारणीचंही नाही. त्यांनी माझ्या आईचं लिहिलं नाही, मी त्यांचं का लिहू?

माझं नाव बबिता. वय अठ्ठेचाळीस. राणीसावरगावात अंगणवाडी सांभाळते. सातवीत शाळा सुटली, दहावी नंतर बाहेरून केली, पण लिहायची सवय त्याच्याही आधीची. सतराव्या वर्षापासून रोजची वही आहे. अंगणवाडीत एकतीस लेकरं आहेत. सकाळी आल्यावर, खिचडीच्या आधी आणि घरी सोडताना अशी दिवसातून तीनदा मी ती मोजते. पेनचं टोक एकेकाकडं करत जाते. एकदाही चुकलेले नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो आणि महिन्यातून एकदा तरी ते गाणं लागतं. मी रेडिओ बंद करत नाही. राग धरायचा तर पूर्ण ऐकून धरावा. वहीत तारीख टाकते आणि निवेदकानं घेतलेली नावं लिहिते. तीन नावं असतात. तीस वर्षांत चौथं आलेलं नाही.

चौथं नाव नर्मदाबाई. माझी आई.

आम्ही मेंढरंवाले. १९६३ साली आई बारा वर्षांची होती. गावाच्या पश्चिमेला ओढा आहे, ओढ्यापलीकडं टेकडीच्या पायथ्याला त्यांचा वाडगा होता. वाडगा म्हणजे मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण. दिवस बुडताना वाडग्याच्या तोंडाशी उभं राहून घरातल्या बाईनं हाक म्हणायची, ही आमच्या घरची रीत.

कोण राहिलं रानात, त्यानं यावं माझ्या दारा
दिवा ठेवला आडोशी, त्याला लागू नये वारा

टेकडीवर शूटिंगला आलेल्या एका माणसानं ही हाक ऐकली. दुसऱ्या दिवशी तो जीपमध्ये यंत्र घालून आला, आईकडून तीनदा म्हणवून घेतली आणि गेला. जाताना तिला एक कंगवा दिला. तो अजून घरात आहे. दोन दात कमी आहेत. पुढच्या वर्षी तेच गाणं पडद्यावर आलं. नायिका खिडकीत उभी आणि शहरातून येणाऱ्या प्रियकराची वाट बघते. चाल आईची, पहिल्या दोन ओळी आईच्या. खाली तीन नावं.

तबकडी काढणाऱ्या कंपनीला मी अकरा पत्रं पाठवली आहेत. सगळ्यांच्या नकला माझ्याकडं आहेत.

२

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीनं, दीपिकानं, कानात घालायचे इअरफोन आणले. ती वीस वर्षांची आहे, गंगाखेडला कॉलेजला जाते, गाते. तिच्या मोबाइलवर त्या गाण्याची सगळी रेकॉर्डिंगं सापडतात. मूळ तबकडी १९६४ ची. सत्त्याहत्तर साली दुसऱ्या एका बाईनं म्हटलं. एकोणनव्वदला त्याची कॅसेट निघाली. दोन हजार चारला ढोल घालून नाचायचं केलं. दोन हजार एकोणीसला टीव्हीच्या स्पर्धेत एका मुलीनं म्हटलं आणि परीक्षक रडले.

मी पाचही ओळीनं ऐकली. पहिल्यांदाच इअरफोन घालून.

तबकडीत दुसरा अंतरा संपतो तिथं दोन-तीन सेकंद वाद्यं थांबतात. त्या मोकळ्या जागेत मला काठी टेकल्याचा आवाज आला. टक. मग जरा थांबून टक. लोखंडी टोकाची काठी ओढ्यातल्या गोट्यांवर पडते तसा. मेंढरंवाल्याच्या घरात जन्मलेल्या बाईला हा आवाज शिकवावा लागत नाही. फार लांबून येत होता.

तालवाद्य असेल, म्हणून मी सोडून दिलं.

सत्त्याहत्तरच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच जागी तोच आवाज होता, पण गोट्यांवरचा नव्हता. मुरमावरचा होता, त्याला खरखर असते. एकोणनव्वदच्या कॅसेटमध्ये नांगरलेल्या काळ्या रानातला, मऊ, बुडाल्यासारखा. दोन हजार चारच्यात ढोल मधेच थांबतात आणि काठी डांबरी रस्त्यावर पडते. दर वेळी आवाज थोडा मोठा.

मी वहीत तक्ता केला. साल, मिनिट, सेकंद, जमीन. मग तक्त्याखाली लिहिलं: इअरफोन नवीन आहेत. कानाला सवय नाही. राग आला की माणसाला हवं ते ऐकू येतं.

पाचवं रेकॉर्डिंग त्या दिवशी ऐकून मी वही मिटली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडली नाही.

३

आमच्या दारासमोर गटार आहे. २०१६ साली त्यावर सिमेंटची फरशी टाकली, ती पहिल्या दिवसापासून हलते. पाय पडला की आधी जाड आवाज, मग बारीक. डुग-टिक. त्याबद्दल मी ग्रामपंचायतीत पाच अर्ज दिले आहेत.

दोन हजार एकोणीसच्या स्पर्धेत, मुंबईतल्या स्टुडिओत, परीक्षकांनी डोळे पुसायच्या आधी, ती फरशी वाजते. डुग-टिक.

मी दीपिकाला ऐकवलं. तिनं एक इअरफोन कानात घातला, एक माझ्या कानात राहू दिला.

"कुणाचा तरी पाय लागला आसंल स्टेजवर," ती म्हणाली.

"आपली फरशी हाय ती."

"आई, जगात एकच फरशी हलती का?"

मी मोबाइल घेऊन बाहेर गेले, फरशीवर पाय देऊन आवाज भरला आणि दोन्ही एकामागून एक लावले. दीपिका म्हणाली, "सारखं हाय. पण सारखं म्हणजे तेच न्हाई."

बरोबर बोलली. मीही वहीत तेच लिहिलं. पण त्या रविवारी सकाळी मी मालकांची जुनी काठी घेतली आणि ओढ्यावर गेले. मालक म्हणजे माझा नवरा, रामप्रसाद. दिवाळी झाली की ते आणि त्यांचा भाऊ बिरदेव कळप घेऊन चाऱ्यामागं निघतात ते पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. आई, दीपिका, मी आणि वर्षातले चार महिने मालक, अशी आमच्या घरची चार माणसं.

ओढ्यातून मी काठी टेकत घराकडं चालले. आधी गोटे. मग मुरमाड पायवाट. मग माणिकरावांचं काळं रान, तेव्हा नांगरलेलंच होतं. मग गंगाखेडचा डांबरी रस्ता. मग गल्ली, फरशी, घर. मोजून सव्वादोन किलोमीटर. तक्त्यातला क्रम आणि हा क्रम एकच होता.

पंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या दिनकररावांनी हाक मारली. अर्जांवर पोच देणारे तेच.

"काय बबिताबाई, काठी घेऊन? मेंढरं कुठं गेली?"

"फरशी बसवायला निघाले मीच. तुमच्यानं होईना."

"आवं, पुढच्या महिन्यात होतंय की."

"कोणत्या सालातल्या?"

ओट्यावरची माणसं हसली. मी हसले नाही. हसण्यावारी नेलं की माणसांचं काम संपतं. आईचंही असंच हसून नेलं होतं. पोर गोड म्हणते, घे कंगवा.

४

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दीपिकानं सांगितलं की ती ते गाणं म्हणणार आहे.

"मानवतच्या जीवनदादाकडं. बोलणं झालंय माझं."

जीवन माझ्या मावसबहिणीचा मुलगा. मानवतला मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजारापाशी, त्याचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ, भक्तिगीतं, निवडणुकीची गाणी, सगळं तिथं होतं.

"न्हाई म्हणायचं," मी म्हणाले.

"का?"

गटारावरच्या फरशीपायी म्हणू नको, असं तोंडातून निघेना.

"अगं, खाली आज्जीचं नाव टाकणार हाय मी. मोठ्या अक्षरात. मूळ गाणं नर्मदाबाई, राणीसावरगाव. तू आकरा पत्रं लिवलीस. काय झालं त्यांचं? मी एका दिवसात करते ते."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. सहावं रेकॉर्डिंग. फरशीच्या पुढं आमची पायरी आहे, तिच्यापुढं उंबरा. आणि ज्या एका रेकॉर्डिंगवर माझ्या आईचं नाव येणार, ते हेच.

आई पलंगावर बसून चातीवर लोकर कातत होती. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण हाताला धागा बरोबर समजतो. ती म्हणाली, "म्हणू दे की पोरीला. पर शेवट म्हणाया सांग."

"कसला शेवट?"

"हाकंचा. हाक मारली की ती मिटावी लागती. मला कुठं मिटू दिली त्या जीपवाल्यानं. फीत सरली म्हणला."

अठ्ठेचाळीस वर्षांत आई हे मला पहिल्यांदा सांगत होती. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, तू पत्रं लिहायलीस, मला कवा इचारलंस?

मग तिनं बाकीचंही सांगितलं. चाती थांबली नाही.

"दुपारच्याला म्हणाया लावलं गं त्यानं. म्हणला, आता शांत हाय, आता म्हण. समदी मेंढरं वाडग्यात. एक बी रानात न्हाई. मी म्हणलं, मामा, कुणाला हाक मारू? तर हसला. म्हणला, मार की नुस्ती."

"मग?"

"मग काय? मारली. तीन बार. नुस्ती हाक आसती व्हय? आपलं कुणीच भाईर नसल्यावर मारली, तर ऐकणारं कोन आसंल?"

दीपिका म्हणाली, "आज्जी, भेव नको दाखवू." पण ती आजीच्या जवळ सरकून बसली.

आईनं शेवटच्या ओळी म्हणून दाखवल्या. आवाज फाटका, सूर पक्का.

आलं तेवढं माझं गं, न्हाई आलं ते रानाचं
लाविलं कवाड, आता नाव न्हाई कुणाचं

"समदी आत आल्याबिगर ह्ये म्हणायचं न्हाई," ती म्हणाली. "एक जरी भाईर ऱ्हायलं तर ते गेलं. आन मोजायचं ते पाठीवर हात ठिवून. डोळ्यानं न्हाई. डोळ्याला समदी सारकीच दिसत्यात."

"मी रोज एकतीस लेकरं मोजते, माय."

"पेनानं मोजतीस तू. ते मोजणं न्हाई, ते लिवणं."

मी ते दोन्ही ओळींसकट वहीत उतरवलं. आणि ठरवलं की दीपिकाबरोबर जायचं. साठ वर्षांपूर्वी एका उतावळ्या माणसानं हाक उघडी टाकली होती. ती मी मिटवणार. आणि वर आईचं नाव लावून मिटवणार.

५

मानवतला पोचायला साडेतीन तास लागले. गंगाखेड, परभणी, मानवत. जीवनचा स्टुडिओ म्हणजे पत्र्याखाली एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गोधड्या ठोकलेल्या. दार लावलं की मोंढ्याचा सगळा गोंगाट एकदम बंद होतो. कान दुखतात इतका बंद.

"मावशी, तुमी हेडफोन घाला आन बसा," जीवन म्हणाला. "खोकू नका फक्त."

दीपिका गायला लागली. माझी मुलगी आहे म्हणून सांगत नाही. ती नायिकेसारखं गायली नाही, वाडग्याच्या तोंडाशी उभी राहून गावं तसं गायली. पहिल्यांदा मला ते गाणं आवडलं. दुसरा अंतरा संपला. तिनं श्वास घेतला.

हेडफोनमध्ये दाराची कडी वाजली.

आमच्या दाराची कडी. ती आधी वर उचलावी लागते, मग सरकते, आणि सरकताना लोखंड लोखंडाला खातं. मी मान वळवून स्टुडिओच्या दाराकडं पाहिलं. त्याला कडी नव्हतीच, गोल मूठ होती.

"झालं," जीवन म्हणाला. "एक नंबर."

"शेवट ऱ्हायला."

"मावशी, नव्वद सेकंदाच्या वर कुणी ऐकत न्हाई. लोक बोटानं वर सारत्यात."

"शेवट घे, जीवन."

"घिऊ की. दुसरा भाग करू. लोकायला ओढ लागती, शेवट ठिवला की."

त्याच्या तोंडाकडं बघताना मला जीपवाल्याचं तोंड दिसलं. कधी न पाहिलेलं. मी मोठ्यानं बोलले, काय बोलले ते वहीत आहे, इथं लिहीत नाही. दीपिका काचेपलीकडून हातानं शांत हो म्हणत होती. जीवननं हात जोडले, बरं मावशी, घेतो म्हणाला, आणि तेवढ्यात लाइट गेली. मोंढ्याकडची लाइट गेली की चार-पाच तास येत नाही.

"मग ह्ये आज कुठंच टाकू नको," मी म्हणाले. "शेवट झाल्यावर टाक."

जीवननं दीपिकाकडं पाहिलं. दीपिकानं खाली पाहिलं.

"मावशी, ते म्हणता म्हणताच वर जायलं होतं. लाइव्ह होतं. दीपिकाच म्हणली."

तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. तिच्या गात्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं: मूळ गाणं नर्मदाबाई, राणीसावरगाव. दोनशे लोकांनी तोवर पाहिलं होतं. साठ वर्षांनी चौथं नाव आलं होतं आणि मला ते नीट वाचताही येईना.

बसमध्ये मी मनात फक्त एकच धरलं होतं. शेवट स्टुडिओतच म्हणायला हवा असं आईनं म्हटलं नव्हतं. दारात म्हटला तरी चालेल. आज म्हणते. आजच संपवते यांचं गाणं.

६

घरी पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. आमच्याकडंही लाइट नव्हती. दीपिका चूल बघायला आत गेली. आई पलंगावर होती, भिंतीला टेकलेली. मी दारातच चपला काढत होते.

फरशी वाजली. डुग-टिक.

मग पायरीवर काठी टेकली. कडी उघडीच होती, तरी कुणीतरी ती वर उचलली, सरकवली आणि लोखंडानं लोखंड खाल्ल्याचा आवाज झाला.

घोंगडी डोक्यावरून घेतलेला माणूस वाकून आत आला. दमून आलेले मालक असेच येतात, एक शब्द न बोलता माझ्या अंगावरून सरळ आतल्या खोलीत. अमावास्येला एक दिवस येऊन जाईन असं ते म्हणालेच होते, आणि अमावास्या दुसऱ्या दिवशी होती. ओल्या लोकरीचा वास आला. पाऊस कुठं झाला, असं मनात आलं. त्यांचा कळप होता तिकडं, वालूरला, झाला असेल, असं मीच मला सांगितलं.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता घर पुरतं भरलं. आई पलंगावर. दीपिका चुलीशी. मालक आत. मी दारात. डोळ्यांनीच मोजलं. चार.

मी उंबऱ्यावर उभी राहिले, तोंड बाहेर केलं. गल्लीत कुणी नव्हतं. जीपवाल्यावर, त्या तीन नावांवर, जीवनवर, फरशीवर जेवढा म्हणून राग होता तेवढा आवाजात घालून मी म्हटलं. आलं तेवढं माझं. न्हाई आलं ते रानाचं. आणि दार लावून कडी घातली.

घर एकदम शांत झालं. स्टुडिओसारखं. कान दुखले.

"समदे आले का गं?" पलंगावरून आईनं विचारलं.

"आले, माय. चौघंबी."

"हात लावला?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं: मालक.

"ए दीपिकाची आई," ते म्हणाले. मागं वारा होता. "पोरीचं गाणं ऐकलं गं बिरदेवाच्या मोबाइलवर. दोन बार ऐकलं. लय ग्वाड. मामीचं नाव बी हाय की त्याच्यात! म्हणलं, आता उंद्याची वाट न्हाई बघत, आजच निघतो. वालूरच्या वढ्यातनं चाललोय, पलीकडं गेलं की फाट्यावर यष्टी..."

त्यांच्या काठीचा आवाज येत होता. गोट्यांवर. टक. टक.

"तुम्ही कुठं आहात?" मी विचारलं.

"सांगायलोय की, वढ्यात. ह्ये मागं काय म्हणाया लागलीस तू? कवाडाचं काय?"

मी काहीच म्हणत नव्हते. काठी एकदा टेकली. पुढच्या टेकण्याची मी वाट पाहिली. वारा होता, मग वाराही नव्हता.

आतल्या अंधारात आई पलंगावरून उठली होती. भिंत चाचपत ती दीपिकापर्यंत गेली, मग माझ्यापर्यंत आली. माझ्या पाठीवर तिचा हात पडला. "दोन," ती म्हणाली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "तीन." मग ती आतल्या खोलीत गेली. मी तिला थांबवायला हवं होतं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"चार," आई म्हणाली. आणि मग अगदी हळू, मेंढराशी बोलतात तसं, "किती वल्ला हाईस रं. किती लांबनं आलास."

७

सकाळी बिरदेवचा फोन आला. "वहिनी, दादा पोचला का? घोंगडी हितंच इसरून गेलाय."

मी आतल्या खोलीकडं पाहिलं. भिंतीकडं तोंड करून, घोंगडी डोक्यावर घेऊन जे बसलं होतं ते बसलेलंच होतं. कोपऱ्यात त्याची काठी होती. काठी म्हणते, पण ती हातभरही उरलेली नाही. टेकून टेकून खालून झिजत आलेली आहे.

मी पोलिसांत गेले. त्यांनी घरी फोन करून खात्री केली, आणि दीपिकानं सांगितलं, "बाबा घरीच हायेत की." मी तिला हाताला धरून त्या खोलीच्या दारात उभी केली. विचारलं, हे कोण? ती माझ्याकडं असं बघायला लागली, जसं मी तिच्याकडं बघत होते. आणि तिनं ताट आत नेऊन ठेवलं. ताट रिकामं होऊन येतं.

"त्याला बोलू नको," आई म्हणते. "तूच म्हणलीस, आलं तेवढं माझं."

हो. मीच म्हणाले. जीपवाल्यानं हाक मारली, पण कवाड मी लावलं, तेही रागात आणि डोळ्यांनी मोजून. गुरुवारी रेडिओवर गाणं लागलं. निवेदकानं तीन नावं घेतली. मी वहीत तिन्ही लिहिली आणि त्यांच्याखाली चौथं लिहिलं. नर्मदाबाई नाही. बबिता.

त्या रात्रीला आज एकोणीस दिवस झाले. काल मी इअरफोन घालून सगळी रेकॉर्डिंगं ओळीनं ऐकली. तबकडी स्वच्छ आहे. सत्त्याहत्तर, एकोणनव्वद, दोन हजार चार, एकोणीस, सगळी स्वच्छ. मोकळ्या जागा मोकळ्याच आहेत, जसं तिथं कधी कुणी नव्हतंच.

मग दीपिकाचं लावलं. दुसरा अंतरा संपला. तिनं श्वास घेतला. कडी वाजली नाही.

फार लांब, इतकं लांब की मला तीनदा ऐकावं लागलं, ओढ्यातल्या गोट्यांवर काठी टेकत होती. टक. जरा थांबून टक. मालकांचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळं दुसरा ठोका नेहमी उशिरा पडतो. हे रेकॉर्डिंगवाल्याला माहीत असायचं कारण नाही.

ओढा ते आमचं दार सव्वादोन किलोमीटर. आत बसलंय त्याला तेवढं यायला एकसष्ट वर्षं लागली आणि सहा रेकॉर्डिंगं. मालक वालूरच्या ओढ्यात आहेत, आणि वालूर शंभराच्या वर आहे.

आज सकाळी मी जीवनला फोन केला. म्हणाले, गाणं परत करायचं आहे. दीपिका म्हणेल, ती नाही म्हणाली तर मी म्हणेन, बाहेरच्या पोरींना शिकवून म्हणायला लावीन.

"आन मावशी, तुमचा तो शेवट?"

"शेवट घ्यायचा नाही," मी म्हणाले. "एकाही वेळी नाही."

तो हसला. बघा, मी काय म्हणत होतो, असं म्हणाला. मग विचारलं, "बरं, किती करायच्या? एक का दोन?"

"दिवसाला किती होतील?" मी विचारलं.